क्रॉलरसाठीची पाटी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाल्यामुळे ती एकत्र घेत आहोत. विषय आहे सर्च इंजिनांचे क्रॉलर, म्हणजे संकेतस्थळांची पाने आपोआप वाचत फिरणारे प्रोग्रॅम, आणि त्यांनी कोणती पाने वाचावीत हे सांगणारी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही छोटीशी फाइल. या फाइलीचे नाव आणि तिच्यातील आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीतच लिहाव्या लागतात, नाव तर लहान रोमन अक्षरांतच. येथे मात्र त्या देवनागरीत दिल्या आहेत. पाटी कोणत्या भाषेत असावी हा आपल्या सीमाभागात बारमाही वादाचा विषय असला, तरी या एका पाटीपुरता त्याचा निकाल आधीच लागलेला आहे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या संकेतस्थळावर वार्षिक सभेच्या वेळी सभासदांच्या आणि थकबाकीदारांच्या याद्या पीडीएफ करून ठेवल्या होत्या. त्या गूगलवर सापडतात अशी तक्रार आल्यावर संकेतस्थळ सांभाळणाऱ्या मुलाने रोबोट्स फाइलमध्ये ‘डिसअलाऊ’ची ओळ लिहून याद्यांचा फोल्डर बंद केला. याला तीन महिने झाले. आता शोधात यादीतील मजकूर दिसत नाही, पण फाइलीचा दुवा अजून येतो आणि त्यावर बोट ठेवले की संपूर्ण यादी उघडते. क्रॉलर आमची आज्ञा मानत नाही काय?
(एका पतसंस्थेचे सचिव, खानापूर तालुका)

उत्तर : क्रॉलरने आपली आज्ञा तंतोतंत मानली आहे, आणि नेमकी तीच आपली अडचण झाली आहे. सर्च इंजिनाची दोन कामे वेगवेगळी असतात. पहिले म्हणजे पान उघडून वाचणे, ज्याला क्रॉलिंग म्हणतात; दुसरे म्हणजे त्या पानाची नोंद आपल्या इंडेक्समध्ये ठेवणे. रोबोट्स फाइलचा अधिकार पहिल्या कामापुरताच आहे. ‘डिसअलाऊ’ म्हणजे ‘हे पान वाचू नये’ एवढेच. ‘या पानाचा पत्ता विसरून जावे’ असा अर्थ त्यात कोठेही नाही. गूगलला तो पत्ता आधीपासून ठाऊक आहे, कदाचित आणखी कोठल्या तरी पानावर त्याचा दुवाही आहे. त्यामुळे मजकूर न वाचता नुसता पत्ता दाखवण्याचे काम ते करीत राहते.

पान इंडेक्समधून काढायचे असेल तर ‘नोइंडेक्स’ ही सूचना द्यावी लागते. साध्या वेबपानात ती पानाच्या शीर्षभागात मेटा टॅग म्हणून लिहिता येते. पीडीएफमध्ये तशी जागा नसल्यामुळे सर्व्हरने फाइल पाठवतानाच्या उत्तरात ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ नावाचा हेडर जोडून ती पाठवायची असते. अपाची सर्व्हर असेल तर ‘डॉट एचटीॲक्सेस’ फाइलमधील दोन-तीन ओळींत हे काम होते. पण येथेच बहुतेकांची गफलत होते. ‘नोइंडेक्स’ ही सूचना फाइल मागितल्यावरच क्रॉलरच्या हाती पडते, आणि आपण तर त्याला फाइल मागण्याचीच मनाई केलेली आहे. दार बंद करून आतल्या भिंतीवर निरोप लिहून ठेवावा, तसा हा प्रकार आहे. दोन्ही उपाय एकाच वेळी केले की दुसरा निकामी होतो, म्हणून ‘डिसअलाऊ’ची ओळ आधी काढावी लागते.

हे सर्व सांगितले खरे, परंतु आपल्या बाबतीत ‘नोइंडेक्स’सुद्धा पुरेसे नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांत माणसांची नावे आणि त्यांच्याकडील येणे रकमेसह छापलेले आहे, त्या याद्या गूगलवर दिसत नाहीत पण दुवा हाती असलेल्या कोणालाही उघडतात, एवढ्यावर संचालक मंडळाने समाधान मानू नये. त्या फाइली सार्वजनिक फोल्डरमधून आजच हलवाव्यात, आणि सभासदांना त्या पाहण्याची खरोखर गरज असेल तर लॉगिन व पासवर्डच्या मागे ठेवाव्यात. फाइल जागेवर नाही म्हणून सर्व्हर ४०४ किंवा ४१० असे उत्तर देऊ लागला, अथवा पासवर्ड मागून ४०१ देऊ लागला, की गूगल काही काळाने नोंद आपोआप काढून टाकते. मात्र हे उत्तर ऐकण्यासाठीही क्रॉलरला तेथवर पोहोचता आले पाहिजे, त्यामुळे ‘डिसअलाऊ’ची ती ओळ येथेही आड येतेच.

तोवरच्या काळासाठी गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी गूगलने दिलेल्या साधनात, पत्ता तात्पुरता लपवण्याची सोय आहे. तिचा परिणाम साधारण एका दिवसात दिसतो आणि सुमारे सहा महिने टिकतो. या सहा महिन्यांत मूळ फाइल हलवली नाही, तर मुदत संपल्यावर ती पुन्हा दिसू शकते. बिंगसाठी त्यांच्या वेबमास्टर टूल्समध्ये वेगळी विनंती करावी लागते.

आणखी एक गोष्ट संकेतस्थळ सांभाळणाऱ्या त्या मुलाच्या कानावर घालावी. रोबोट्स फाइल ही जाहीर फाइल आहे; संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिचे नाव लिहिले की ती कोणालाही वाचता येते. गुप्त फोल्डरचे नाव तिच्यात लिहिणे म्हणजे तिजोरी कोणत्या खोलीत आहे ते दारावर लिहून ठेवणे होय. आगंतुकांपैकी काही जण सर्वांत आधी हीच फाइल उघडून पाहतात.

प्रश्न : आमचा साड्यांचा पिढीजात व्यवसाय असून दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन विक्री सुरू केली. साड्या जेमतेम तीनशे आहेत, पण होस्टिंगवाले म्हणतात की क्रॉलर दररोज हजारो पाने मागतात आणि त्यामुळे सर्व्हर मंदावतो. एवढी पाने आली कोठून? रोबोट्स फाइलमध्ये ‘क्रॉल-डिले’ (दोन मागण्यांमध्ये थांबण्याचा वेळ) दहा सेकंद लिहून पाहिले, फरक पडला नाही.
(एक व्यापारी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : पाने आपल्याच फिल्टरांनी तयार केली आहेत. समजा, ग्राहकाला निवडीसाठी १२ रंग, ६ किंमत-गट, ५ पोत आणि मांडणीचे ४ क्रम दिले आहेत. प्रत्येक निवडीने पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हापुढे काही शब्द जोडले जातात आणि क्रॉलरच्या दृष्टीने तो नवा पत्ता ठरतो. १२ गुणिले ६ गुणिले ५ गुणिले ४ म्हणजे १,४४० पत्ते झाले, आणि हे एका विभागाचे. ग्राहकाने आधी रंग निवडला की आधी किंमत, यावरून शब्दांचा क्रम बदलत असेल तर हा आकडा आणखी कित्येक पटींनी वाढतो. साडी तीच, काठ तोच, पदर तोच. पत्ते मात्र हजारो.

पहिल्या पत्रात जी फाइल चुकीचे हत्यार होती, तीच येथे अचूक हत्यार आहे. आपल्याला काही लपवायचे नसून क्रॉलरची आणि सर्व्हरची निष्फळ मेहनत वाचवायची आहे. येथे ‘नोइंडेक्स’ने काम भागणार नाही, कारण ती सूचना वाचण्यासाठी क्रॉलर प्रत्येक पान मागवीतच राहील.

फाइलीत दोन विशेष चिन्हे चालतात. तारका म्हणजे ‘मध्ये काहीही असो’, आणि डॉलरचे चिन्ह म्हणजे ‘पत्ता येथेच संपतो’. ‘डिसअलाऊ: /*?’ अशी एक ओळ लिहिली की प्रश्नचिन्ह असलेले सर्व पत्ते बंद होतात. पण ही ओळ लिहिण्यापूर्वी आपल्या यादीचे दुसरे-तिसरे पान, किंवा एखाद्या साडीचे मूळ पानच प्रश्नचिन्हाने चालत नाही ना, हे पाहून घ्यावे. तसे असेल तर सरसकट बंदीऐवजी रंग, किंमत, पोत आणि क्रम या चार शब्दांसाठी चार स्वतंत्र ओळी लिहाव्यात. एकाच पत्त्याला ‘अलाऊ’ आणि ‘डिसअलाऊ’ दोन्ही लागू पडले, तर ज्या नियमात लिहिलेला पत्त्याचा भाग अधिक लांबीचा, तो नियम चालतो. लांबी सारखी असेल तर परवानगी देणारा नियम धरला जातो. ओळी वर लिहिल्या की खाली, याला गूगलच्या लेखी महत्त्व नाही.

‘क्रॉल-डिले’ ही ओळ गूगल वाचतच नाही, बिंग वाचते. गूगलचा वेग कमी करण्याची सोय पूर्वी सर्च कन्सोलमध्ये होती, ती जानेवारी २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली. अगदीच हातघाईची वेळ आली तर सर्व्हरकडून काही तास ५०३ किंवा ४२९ (सध्या सेवा देता येत नाही, किंवा मागण्या फार झाल्या) हे उत्तर देववावे, म्हणजे गूगलचा क्रॉलर गूगलबॉट आपणहून हात आखडता घेतो. हा उपाय दोन दिवसांपलीकडे ताणू नये, अन्यथा पाने इंडेक्समधून गळू लागतात. आणि ऐन लग्नसराईत तसे झाले तर ते सर्व्हर मंदावण्यापेक्षा महाग पडेल.

आपण पत्रासोबत फाइलीची जी प्रत पाठवली आहे, तिच्यात एक दोष दिसला, आणि तो इतका सर्रास आढळतो की सर्वांसाठीच लिहितो. आपण ‘यूझर-एजंट: *’ या, म्हणजे सर्व क्रॉलरसाठीच्या, गटात खरेदीची पिशवी आणि पैसे भरण्याचे पान बंद केले आहे, आणि खाली ‘यूझर-एजंट: गूगलबॉट’ असा दुसरा गट करून त्यात फक्त एका जुन्या फोल्डरची बंदी लिहिली आहे. आपली समजूत अशी दिसते की गूगलबॉट दोन्ही गट पाळेल. तसे होत नाही. क्रॉलरला स्वतःच्या नावाचा गट सापडला की तो तेवढाच वाचतो आणि तारकेचा गट त्याच्यापुरता रद्द होतो. म्हणजे आपल्या फाइलीनुसार आज गूगलला पिशवीचे पान खुले आहे. एक तर गूगलबॉटचा वेगळा गट काढून टाकावा, किंवा वरच्या सर्व ओळी त्यातही लिहाव्यात. सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे, म्हणजे पानाचे रूप व हालचाल ठरवणाऱ्या फाइलींचे, फोल्डर मात्र बंद करू नयेत. त्यांच्याशिवाय गूगलला पान ग्राहकाला दिसते तसे उभे करून पाहता येत नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून सीमाभागातील गावांची माहिती देणारे संकेतस्थळ मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत चालवतो. मराठी विभागाचे पत्ते देवनागरीत आहेत. अपुऱ्या पानांचा एक विभाग क्रॉलरसाठी बंद केला, पण त्यातील काही पाने बंद झाली आणि काही नाहीत. शिवाय, एकच मजकूर तीनदा आहे म्हणून गूगल शिक्षा करील, कन्नड व इंग्रजी पाने बंद करा, असा सल्ला एकाने दिला आहे. तो ऐकावा काय?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : सल्ला ऐकू नये. भाषांतर म्हणजे नक्कल नव्हे, असे गूगलही मानते. तिन्ही पाने खुली ठेवून ती एकमेकांची भाषांतरे आहेत हे ‘एचरेफलँग’ या खुणेने सांगावे, म्हणजे चिकोडीत कन्नडमधून शोधणाऱ्याला कन्नड पान आणि मराठीतून शोधणाऱ्याला मराठी पान मिळण्याची शक्यता वाढते. कन्नड विभाग वेगळ्या उपडोमेनवर असेल, तर त्याला स्वतःची स्वतंत्र रोबोट्स फाइल लागते. मुख्य संकेतस्थळाची फाइल तेथे लागू पडत नाही.

देवनागरी पत्त्यांचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. नियम आणि पत्ता यांची जुळणी डोळ्यांनी होत नाही, बाइट्सनी, म्हणजे संगणक ज्या एककांत अक्षरे साठवतो त्यांनी, होते. सर्व लिप्यांसाठीच्या युनिकोड या संकेतप्रणालीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेते, आणि पत्त्यात पाठवताना प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व त्यापुढील दोन खुणा असा ३ वर्णांत लिहिला जातो. ‘बेळगाव’ या शब्दात काना-मात्रा धरून ६ चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट्स आणि पत्त्यात ५४ वर्ण. ‘बेळगांव’ असे अनुस्वार देऊन लिहिले की २१ बाइट्स आणि ६३ वर्ण होतात. आपल्याला दोन्ही गावे एकच असली तरी क्रॉलरला ती निराळी आहेत. आता मौज अशी की नियम पत्त्याच्या सुरुवातीपासून जुळवला जातो, त्यामुळे ‘/बेळगाव’ असा नियम लिहिला तर १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलल्यानंतर आपण तयार केलेली ‘/बेळगावी’ने सुरू होणारी पानेही त्यात आपोआप सापडतात, पण अनुस्वाराची जुनी पाने मोकळी राहतात.

याहून कपटी प्रकार ‘शेतकऱ्यांसाठी’ यासारख्या शब्दांत होतो. त्यातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होऊ शकतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आतील बाइट्स मात्र वेगळे असतात. अर्धी पाने घरच्या संगणकावर आणि अर्धी मोबाइलवर लिहिलेली असतील, तर आपल्याकडे हेच झाले असण्याचा संभव मोठा आहे. म्हणून नियमात देवनागरी शब्द हाताने टंकित करू नये. ब्राउझरमध्ये ते पान उघडून पत्ता जसाच्या तसा उचलावा आणि फाइलमध्ये चिकटवावा. फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात यूटीएफ-८मध्ये साठवावी. बेळगावच्या अनेक डीटीपी केंद्रांत अजूनही जे जुने बिगर-युनिकोड फॉन्ट चालतात, त्यांत टंकलेला शब्द येथे उपयोगाचा नाही. आम्ही स्वतः नव्या संकेतस्थळासाठी असे सुचवतो की पाने देवनागरीत असावीत, पण जे विभाग पुढे-मागे बंद करावे लागतील त्यांच्या फोल्डरची नावे साध्या रोमन अक्षरांत आणि सर्वत्र लहान लिपीत ठेवावीत, कारण रोमनमध्ये मोठे व लहान अक्षरही वेगळे धरले जाते.

प्रश्न : आम्ही काही मित्र दरवर्षी दिवाळी अंक काढतो आणि जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य ठेवतो. एआय कंपन्यांनी ते उचलू नयेत, पण गूगलवर मात्र दिसावेत, असे करता येते काय?
(एका दिवाळी अंकाचे संपादक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : बऱ्याच अंशी करता येते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रशिक्षणासाठी मजकूर गोळा करणाऱ्या आपल्या क्रॉलरचे ‘जीपीटीबॉट’ हे नाव जाहीर केले, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने ‘गूगल-एक्स्टेंडेड’ हे नाव दिले. दुसरे नाव हे वेगळे क्रॉलर नाही. वाचायला गूगलबॉटच येतो, पण या नावाने ‘डिसअलाऊ: /’ लिहिले तर त्याने वाचलेला मजकूर जेमिनी या गूगलच्या एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरू नये असा त्याचा अर्थ होतो आणि शोधातील आपल्या स्थानावर परिणाम होत नाही. ॲन्थ्रॉपिक या एआय कंपनीच्या क्रॉलरचे नाव ‘क्लॉडबॉट’ आहे. ‘सीसीबॉट’ हा कॉमन क्रॉल या संस्थेचा क्रॉलर असून तिचा खुला साठा अनेक जण प्रशिक्षणासाठी वापरतात, त्यामुळे तोही यादीत घ्यावा. प्रत्येक नावाचा वेगळा गट करून त्याखाली बंदीची ओळ लिहावी. ओपनएआयचा शोधासाठीचा क्रॉलर निराळ्या नावाने येतो. चॅटजीपीटीच्या शोधात अंकाचा दुवा दिसावा असे वाटत असेल तर त्याला अडवू नये.

मर्यादाही सांगितली पाहिजे. ही पद्धत १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी सुचवली ती परस्पर सौजन्याच्या भरवशावर, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या क्रमांकाच्या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने तिचे प्रमाणीकरण झाले, तेव्हाही हे नियम म्हणजे प्रवेशाचा अधिकार देणारी वा नाकारणारी व्यवस्था नव्हे असे त्यात स्वच्छ लिहिले गेले. जो क्रॉलर पाटी वाचून परत फिरतो त्याच्यासाठीच ती आहे. खोटे नाव सांगून येणाऱ्याला सर्व्हरवर किंवा फायरवॉलमध्येच अडवावे लागते. पूर्वी नेलेला मजकूरही या ओळींनी परत येत नाही.

आपण मत विचारलेले नाही, तरी एक सुचवावेसे वाटते. संपूर्ण संकेतस्थळाला एकच नियम लावू नये. कथा-कवितांचे हक्क लेखकांचे आहेत, तेव्हा त्या बंद ठेवायच्या की नाही हे त्यांना विचारून ठरवावे. अंकाची अनुक्रमणिका, संपादकीये आणि गावांच्या इतिहासावरील आपलेच लेख मात्र खुले ठेवण्याचा विचार करावा. सीमाभागातील मराठी या यंत्रांच्या वाचनात अजिबात आलीच नाही, तर उद्या ही यंत्रे आपल्याशी जे मराठी बोलतील त्यात आपल्या बोलीचा मागमूस नसेल, आणि ते आम्हाला तरी रुचणारे नाही.

प्रश्न : आमच्या होमस्टेचे संकेतस्थळ नव्याने करून घेतले आणि तेव्हापासून ते गूगलवरून नाहीसेच झाले. ते वर्डप्रेसवर आहे. कोठे पाहावे?
(एक वाचक, जांबोटी)

उत्तर : दोन ठिकाणी पाहावे. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ या पानावर सर्च इंजिनांना परावृत्त करण्याचा एक चौकोन असतो. काम चालू असताना त्यात खूण करतात आणि काम संपल्यावर ती काढायचे विसरतात. २०१९ मधील ५.३ या आवृत्तीपासून ती खूण प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ घालते, त्यामुळे नुसती रोबोट्स फाइल पाहून दोष सापडत नाही. तेथे खूण नसेल तर रोबोट्स फाइल उघडावी. ‘डिसअलाऊ:’ यापुढे काहीच नसेल तर सर्व खुले असते, आणि त्यापुढे एक तिरकी रेघ असेल तर सर्व बंद असते. चाचणीच्या संकेतस्थळावरील ही रेघ खऱ्या संकेतस्थळावर तशीच येणे ही या धंद्यातील नेहमीची चूक असून ती आमच्या हातूनही एकदा झाली आहे. दुरुस्ती केल्यावर गूगल जुनी फाइल साधारण २४ तासांपर्यंत धरून राहू शकते, तेव्हा दुसऱ्या दिवशी सर्च कन्सोलमध्ये मुख्य पानाचा पत्ता तपासून पुन्हा नोंदीची विनंती करावी.